प्रभावतीची चौकशी

कंपनीचं पत्र इंग्रजीत होतं, म्हणून प्रभावतीनं ते मराठीत समजावून सांगितलं. ऐकून झाल्यावर कारभारीआबांनी एवढंच विचारलं, की त्या चौकशीच्या माणसाला आपण चहा पाजला, जेवू घातलं, जाताना टॉवेल-टोपी दिली, मंग त्यानं आपलं वाईट कशाला लिहावं?

"वाईट न्हाई लिहिलं, आबा. तुमी जे सांगितलं तेच लिहिलं," प्रभावती म्हणाली.

आबांचा जीव भांड्यात पडला. तिथं तो फार वेळ राहिला नाही.

शनिवारची दुपार होती. दुसऱ्या दिवशी आबांच्या लेकीची, बेबीनंदाची, सुपारी फुटायची होती. पिंपळगाव रेणुकाईतल्या त्या घरापुढे कापडी मांडव पडला होता आणि जाफराबादकडून येणाऱ्या पाहुण्यांसाठी आबांची बायको सोनूबाई ओसरीत पुरणाची डाळ निवडत बसली होती. आबांचा धाकटा भाऊ पुंजाराम बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रात नोकरीला. तो आणि त्याची बायको झुंबरबाई दोन दिवस आधीच येऊन कामाला लागले होते. प्रभावती ही त्यांची एकुलती एक. मुंबईहून ती पेढे घेऊन येईल असं सगळे धरून चालले होते, आणि ती आली ती हे पत्र घेऊन.

पत्रातली गोष्ट साधी होती. प्रभावतीनं अर्जात लिहिलं होतं, की १९९७ साली बारावीनंतर तिचं लग्न झालं, नऊ महिन्यांनी ती माहेरी परत आली आणि म्हणून शिक्षणाचं एक वर्ष गेलं. कंपनीनं अर्जातल्या गावच्या पत्त्यावर चौकशी केली, तर गावातल्या सात जणांनी, त्यात सख्ख्या चुलत्यानंही, सांगितलं की या मुलीचं लग्न कधी झालेलंच नाही, त्या वर्षी तिला कावीळ होती. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकत नाहीत. मंगळवारपर्यंत खुलासा झाला नाही, तर दिलेली नोकरी रद्द.

सोनूबाईच्या चिमटीतला खडा चिमटीतच राहिला. तिला नोकरीचं काही वाटलं नाही. तिला धक्का बसला तो दुसऱ्याच गोष्टीचा.

"लग्नाचं तू लिहून दिलं?" ती म्हणाली. "कागदावर?"

त्या लग्नाचं नाव या घरात सात वर्षं कोणी काढलं नव्हतं. फोटो सोनूबाईनं स्वतःच्या हातानं चुलीत घातले होते. काडीमोड चार पंचांसमोर तोंडी झाला, त्याचा चिटोराही नव्हता. लग्नाची नोंद तर कोणी केलीच नव्हती. 'कावीळ झाल्ती' हे उत्तर देवळातल्या गुरवापासून पिठाच्या गिरणीवाल्या कडूबापर्यंत सगळ्यांना पाठ होतं. गावच्या लेकीचं गावानं झाकायचं असतं. त्यात कोणाला आपण खोटं बोललो असं वाटत नव्हतं, आणि उपकार केले असंही वाटत नव्हतं.

आबांना आता तो माणूस आठवला. पंधरा दिवसांपूर्वी मोटारसायकलवर आला होता. रामराव नाव, पोलिसातून हवालदार म्हणून निवृत्त झालेला, आता औरंगाबादच्या एका एजन्सीसाठी चौकश्या करतो म्हणाला. मुंबईच्या कंपनीकडून आलोय, प्रभावतीबद्दल विचारायचंय, असं त्यानं उंबऱ्यातच सांगितलं होतं. आबांनी मनातल्या मनात हसून घेतलं. सोयरिकीच्या चौकशीला आलेला माणूस कधी खरं सांगतो काय? मुलाकडचे आधी एखादा तिऱ्हाईत पाठवतात आणि तो काहीही बनून येतो. एक जण बैलजोडी बघायला आला होता आणि बैलाच्या तोंडाकडेही न बघता पोरी कितवी शिकल्या ते विचारून गेला. एक विम्याचा एजंट झाला होता. हा कंपनीचा झाला, एवढंच. सव्वीस वर्षांच्या पुतणीला अजून स्थळं येतात याचा आबांना आनंदच झाला. त्यांनी त्याला जेवू घातलं आणि स्वतः बरोबर फिरून सहा घरं दाखवली. सहाही घरांनी इज्जत राखली.

"कडूबानं तं काविळीचं औषध कोणत्या गावाहून आणलं तेबी सांगितलं," आबा म्हणाले, आणि मग आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं. ते खांबाला टेकून खालीच बसले.

*

मुंबईतल्या त्या मोठ्या कंपनीचं काम घरात कोणालाच धड कळलेलं नव्हतं. दुसऱ्याच्या कारखान्यात जायचं, त्याचं कुठं चुकतं ते शोधायचं, ते त्याला सांगायचं आणि त्याचा पगार घ्यायचा, असं पुंजारामनं समजावून सांगितलं होतं, तेव्हा आबा म्हणाले होते की हे काम आपली सोनूबाई तीस वर्षांपासून फुकट करून राह्यली. त्यावर घर हसलं होतं. पण गेल्या उन्हाळ्यात प्रभावतीनं दोन महिने तिथं काम केलं होतं, सिमेंटच्या एका कारखान्यात पोती भरणाऱ्या माणसांजवळ वही घेऊन उभी राहिली होती, आणि तिला पक्कं कळलं होतं की आपल्याला हेच करायचंय.

मुलाखती चार झाल्या. दुसऱ्या फेरीत त्यांनी एक कोडं घातलं, की एका तालुक्यात कापसातून सरकी वेगळी करणारे तीन जिनिंग कारखाने आहेत आणि कापूस दोघांपुरताच येतो, तर तिसऱ्या मालकानं काय करावं? बाकीची हुशार पोरं लगेच आकडे मांडायला लागली. प्रभावतीनं आधी विचारलं, की त्याची सरकी कुठं जाते. समोरच्या साहेबानं पेन खाली ठेवलं आणि खुर्ची पुढे ओढली. जालन्याच्या रस्त्यानं जाता-येता पाहिलेलं सगळं त्या दिवशी तिच्या कामाला आलं.

शेवटच्या फेरीत एक बाई होत्या. त्यांनी अर्जावर बोट ठेवून विचारलं, की हे एक वर्ष कुठं गेलं? आधीच्या दोन कंपन्यांना प्रभावतीनं कावीळच सांगितली होती. त्या दिवशीही तेच सांगायला तिनं तोंड उघडलं आणि निघालं ते खरं. पण बाईंच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही, आभाळ कोसळलं नाही, आणि संध्याकाळी यादीत तिचं नाव लागलं. त्या रात्री वसतिगृहात ती खूप रडली, आणि ते रडू सुखाचं होतं.

म्हणून हे पत्र वाचून तिला बसलेला धक्का काही औरच होता. दोनदा खोटं सांगितलं तेव्हा कोणी हटकलं नाही. एकदाच खरं बोलली आणि खोटी ठरली.

तिनं कंपनीत फोन करून विनवण्या केल्या होत्या. मुलाखतीतल्या त्या बाईंचं म्हणणं असं, की तुमचं लग्न झालं की नाही याच्याशी आम्हाला देणंघेणं नाही, आम्ही तुम्हाला लोकांच्या कारखान्यात पाठवणार, तेव्हा तुमचा शब्द खरा असतो एवढं आम्हाला कळलं पाहिजे. तोच माणूस परत पाठवतो. ज्यांनी आधी सांगितलं त्यांनीच खरं काय ते सांगावं आणि सही करावी.

"कधी येणार तो?" पुंजारामनं विचारलं.

"उद्या. अकरा वाजता."

उद्या अकरालाच पाहुणे यायचे होते. मुलाचे वडील तातेराव यांनी बोलणी करताना एकच गोष्ट दोनदा विचारून घेतली होती, की घरात परत आलेली लेक नाही ना? आणि आबांनी गळ्याला चिमटा घेऊन नाही म्हणून सांगितलं होतं.

सोनूबाई आता बोलायला लागली. ती वाईट बाई नव्हती. परभा परत आली तेव्हा तिच्या केसांना तेल लावून देणारी तीच होती. पण तिची स्वतःची लेक बावीस वर्षांची होती आणि हे तिसरं स्थळ होतं. परभाला नोकऱ्या ढीग मिळतील, तिचं म्हणणं, बेबीला असा मास्तर मुलगा पुन्हा मिळायचा नाही. सगळ्यांनी पुंजारामकडं पाहिलं.

पुंजाराम नखानं जमीन उकरत होता. वडील वारले तेव्हा तो नववीत होता. आबांनी शाळा सोडून औत धरलं आणि याला शिकवलं. तो म्हणाला, "परभा, दुसरी एखादी कंपनी बघ की. कंपन्या काय एकच हाये?"

प्रभावतीला वाटलं, की आपण चुकीचं ऐकलं. तिच्या प्रत्येक परीक्षेचा निकाल पोस्टातून स्वतः आणणारा हा माणूस. तिनं आईकडं पाहिलं. झुंबरबाईनं पदर आणखी पुढं ओढला. भायासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, ती गेल्या तीस वर्षांत एक शब्द बोललेली नव्हती, आताही बोलली नाही.

"एकदा खोटी म्हणून नाव लागलं बाबा," प्रभावती म्हणाली, "की दुसरी कंपनी दारात उभी करत न्हाई."

शेवटी मध्यममार्ग काढला तो आबांनीच. पुंजारामनं दहापासूनच एसटीच्या थांब्यावर उभं राहायचं. रामराव आला की त्याला तिथूनच देवळामागं न्यायचं, गुरवाला, कडूबाला आणि बाकीच्यांना तिथं बोलवायचं, सह्या करायच्या आणि घराकडं वळू न देता वाटेला लावायचं. इकडं सुपारी, तिकडं सह्या. मनुष्यस्वभाव असा, की बेत ठरला की संकट टळल्यासारखं वाटतं. सोनूबाई परत डाळीला लागली.

बेबीनंदा या सगळ्या वेळात आत पोळपाटाशी होती आणि तिला शब्द न् शब्द ऐकू आला होता. प्रभावती पाणी प्यायला आत आली, तेव्हा तिनं मान वर केली नाही. मुलगा तिनं एकदाच पाहिला होता, पण त्यानं तिला कोणतं पुस्तक आवडतं ते विचारलं होतं, आणि तेव्हापासून ती मनानं जाफराबादला राहायला गेली होती.

"माझं मोडलं ना परभाताई," ती म्हणाली, "तं मी तुला जल्मात माफ करणार न्हाई."

प्रभावतीनं मान हलवली. पाणी न पिताच ती बाहेर आली.

*

रविवारी पाहुणे अकराच्या आधीच आले. तातेराव, त्यांचे दोन भाऊ, मुलगा, आणि जीपभर भावकी. गादीवर बैठक झाली, पाणी झालं, चहा झाला. ताटात सुपारी, हळकुंड, नारळ मांडून झालं. आबांचं अर्धं लक्ष रस्त्याकडं होतं. पुंजाराम थांब्यावर उभा होता आणि भोकरदनची एसटी येऊन गेल्याचा हॉर्न सगळ्यांनी ऐकला होता.

रामराव एसटीनं येणारच नव्हता. गेल्या खेपेला तो मोटारसायकलवर आला होता हे आबांना ठाऊक होतं, तरी एवढ्या विचारात ते कोणाच्याच डोक्यात आलं नाही. तो शेताच्या वाटेनं सरळ दारात आला. गाडी लावून बगलेत फाईल घेऊन मांडवात शिरला आणि रामराम केला.

"कोण पाव्हणे?" तातेरावांनी विचारलं.

"विम्याचे हायेत," आबा म्हणाले.

तोंडातून निघून गेलं. सवयीचा माणूस सवयीनंच बुडतो. रामराव तीस वर्षं हवालदार होता आणि त्याला एकाच दारात दुसऱ्यांदा बनवलं जात होतं. तो बसलाच नाही.

"विम्याचा न्हाई मी," तो शांतपणे म्हणाला. "मागल्या टायमाला तुमी माझ्या हातून खोटा रिपोर्ट करून घेतला. माझ्यावरच ठपका आला. आज इतकंच सांगा, तुमच्या पुतणीचं, या प्रभावतीचं, लग्न झाल्तं का न्हाई? हो का न्हाई, एकच बोला."

तातेरावांच्या हातातली बशी तोंडापाशी थांबली. ओसरीच्या दारात बायका उभ्या होत्या, त्यांच्यात प्रभावतीही. तिला एकदम वाटलं, नको. जाऊ दे नोकरी. ती पुढं होऊन, मीच खोटं लिहिलं, असं सांगणार होती. तिनं पाऊलही उचललं. तेवढ्यात कोणीतरी तिचं मनगट धरलं.

बेबीनंदा होती. हिरवी साडी, डोक्यावर पदर, कपाळावर अजून ओला मळवट. तिला मांडवात आणायची वेळ झाली नव्हती, पण ती उंबरा ओलांडून बाहेर आली.

"झाल्तं लग्न," ती म्हणाली. "तिची करवली मी व्हते."

रामरावनं फाईल उघडली आणि तिचं पूर्ण नाव विचारलं. तिनं ते वडिलांच्या नावासकट सांगितलं आणि सगळ्यांदेखत सही केली. मग प्रभावतीनं तिला जवळ बसवून घेतलं.

तातेरावांनी बशी खाली ठेवली. ते चिडले नाहीत, याचीच आबांना जास्त धास्ती वाटली.

"तुमी मला दोनदा न्हाई म्हणून सांगितलं, कारभारी," ते म्हणाले. "आता एक तरी खरं सांगा. पोरगी परत का आली?"

आबांकडं याचं उत्तर होतं. ते सात वर्षं मनात धरून होते आणि त्यासाठी त्यांनी पुतणीवर सात वर्षं रागही धरला होता. पोरीला शिकायचं होतं, नांदायचं नव्हतं. एवढं चांगलं स्थळ, आपण स्वतः बघून दिलेलं, आणि तिनं लाथाडलं. ते हेच बोलणार होते.

"तिला नांदायचंच..."

"भाया, थांबा."

आवाज कोणाचा ते आधी कोणालाच कळलं नाही, कारण तो आवाज त्या घरात पुरुषांनी ऐकलेलाच नव्हता. झुंबरबाई दारात उभी होती. पदर डोक्यावर होता, पण तोंडावरून मागं सरकला होता.

"तिला नांदायचं व्हतं," ती म्हणाली. "त्या माणसाची पहिली बायको व्हती. दोन लेकरं व्हती. शेतातल्या घरात ठेवल्ती. हिला पोळ्याच्या दिवशी कळलं. तरीबी सहा महिने राह्यली माझी लेक तिथं, त्या बाईसंगं भाकरी थापत. परत आली त्या दिवशी मी तिला शपथ घातली, की भायाला सांगू नको. सोयरीक त्यांनी जुळवल्ती. त्यांना सोसलं नसतं."

पुंजाराम थांब्यावरून धापा टाकत आला होता आणि मांडवाच्या कडेला उभा राहून हे ऐकत होता. तोही पहिल्यांदाच ऐकत होता. त्यानं लेकीकडं पाहिलं आणि कालचं आपलं बोलणं आठवून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आबा भावजयीकडं बघत राहिले.

"मी स्वतः गेल्तो चौकशीला," ते हळू म्हणाले. "मी समद्यांना विचारलं व्हतं. देवळात विचारलं, दुकानात विचारलं. एकानं बी..."

ते थांबले. समोर रामराव फाईल उघडून उभा होता. त्यात सात नावं ओळीनं लिहिलेली होती, सगळ्यात वर त्यांचं स्वतःचं. आबांनी हात पुढं केला, पेन मागून घेतलं आणि रामराव दाखवेल तिथं सही केली. मग कडूबाला, गुरवाला आणि बाकीच्या चौघांना बोलावणं पाठवलं. प्रभावतीजवळ जाऊन ते उभे राहिले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तीच म्हणाली, "बसा आबा."

बाकीच्या सह्या व्हायला अर्धा तास गेला. रामराव म्हणाला, की उद्या सकाळी मुंबईला फॅक्स करतो, पहिली माहिती चुकीची होती असं स्वतः लिहितो, पोरीनं आता घाबरू नये. प्रभावतीनं डोळे पुसले. सात वर्षांत पहिल्यांदा तिला या अंगणात मान वर करून उभं राहता येत होतं.

सगळ्यांना वाटलं होतं की पाहुणे एव्हाना उठून जीपमध्ये बसले असतील. पण तातेराव जागचे हलले नव्हते. त्यांनी भावांशी कुजबुजून घेतलं आणि घसा खाकरला. झालं गेलं गंगेला मिळालं, ते म्हणाले. तुमची लेक आमच्यापुढं खरं बोलली, अशी सून आम्हाला चालंल. मुहूर्त टळायच्या आत सुपारी फोडून घ्या.

सोनूबाईनं तिथूनच देवीला हात जोडले. बेबीनंदानं आज पहिल्यांदा मुलाकडं पाहिलं. तो मान खाली घालून बसला होता. आत्ताच नाही, पाहुणे आले तेव्हापासून तो तसाच बसला होता.

सुपारीचं ताट आबांपुढं आलं. त्यांनी सुपारी उचलली आणि ती हातातच राहिली. मागच्या महिन्यात ते तातेरावांच्या गावी जाऊन आले होते. बरोबर कोणाला नेलं नव्हतं. बैल बघायला आलो म्हणून सांगितलं होतं. मुलगा सोन्यासारखा, व्यसन नाही, भानगड नाही, असं अकरा जणांनी सांगितलं होतं. अकराही जणांनी अगदी एकासारखं एक सांगितलं होतं, आणि आबा खुशीत घरी आले होते.

रामराव गाडीला किक मारत होता. आबा सुपारी तशीच मुठीत धरून उठले आणि भरल्या मांडवातून चालत त्याच्यापर्यंत गेले.

"हवालदारसाहेब," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तुमी सोयरिकीच्या चौकश्या बी करता का?"